प्रेमला टीचरची बी ग्रेड

वैष्णवीच्या सातवीच्या पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात वरपासून खालपर्यंत ए वन होतं. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत, चित्रकला आणि पी.टी.च्या मधे, एक बी बसला होता. मॉरल सायन्स : बी.

मी ते शाळेच्या गेटपाशीच उघडलं आणि तिथंच उभी राहिले. मागून येणाऱ्या बायका मला वळसा घालून जात होत्या. गणितात बी आला असता तर मी दुसऱ्या दिवशी क्लास लावला असता. विज्ञानात आला असता तर पुस्तकं आणली असती. मॉरल सायन्सचा क्लास उदगिरात कुठं असतो?

घरी आल्यावर मी प्रगतिपुस्तक नवऱ्यासमोर ठेवलं. रेणुकादास ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांनी ते चष्मा कपाळावर सारून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे पोरगी हुशार आहे, फक्त चांगली नाही."

"हसू नका. तिनं काहीतरी केलंय."

"अगं, बी आहे, एफआयआर नाही."

पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. चोरी? कॉपी? कुणाला काही बोलली का? वैष्णवीला विचारलं तर तिनं खांदे उडवले. "प्रेमला टीचर कुणालापण बी देतात. एकदा सी दिला होता एकाला." पोरगी पुन्हा पुस्तकात घुसली.

प्रेमला टीचर म्हणजे प्रेमला साळवे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असल्या तरी त्या सिस्टर नव्हेत, संसारी बाई आहेत. उंची पाच फुटांच्या आत, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, कारण त्या मिशनच्या आवारातून सगळ्या गावभर पायीच हिंडतात. चौतीस वर्षं त्या दुसरी ते नववीला मॉरल सायन्स शिकवत आल्या. आठवड्याला दोन तास, हातात पुस्तक नाही, वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही. शाळेत कॅथलिक मुलं सातच. त्यांचं धर्मशिक्षण त्या वेगळं घेतात, प्रार्थनामंदिराच्या व्हरांड्यात, चटईवर. मे महिन्यात त्या निवृत्त होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेडिकलवाल्या पंचाक्षरींचा मेसेज आला. लातूरला मुलं सहावीपासून नीटच्या फाउंडेशन क्लासला बसतात, आपली मुलं आठवड्याला दोन तास गोष्टी ऐकत बसतात, ते तास गणित आणि विज्ञानाला द्यावेत म्हणून सगळ्यांनी मिळून अर्ज करू. खाली अंगठ्यांची रांग लागली. मग त्यांनी मलाच फोन केला.

"वहिनी, तुमचं एम.ए. मराठीत झालंय ना? अर्ज तुम्ही लिहा. आम्ही लिहिला तर औषधाच्या यादीसारखा होईल."

मी एका बैठकीत अर्ज लिहिला. खरं सांगायचं तर इतकं नेटकं मी कॉलेज सुटल्यापासून काही लिहिलं नव्हतं. 'या तासाचा विद्यार्थ्यांच्या भवितव्याला कोणताही उपयोग होत नाही' हे वाक्य तर मी दोनदा वाचून पाहिलं. लेखणीत शाई कसली होती हे माझं मला ठाऊक होतं. पहिली सही माझी, खाली आणखी चाळीस.

प्राचार्या सिस्टर रोझलिट यांनी अर्ज घेतला आणि तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सभा ठेवली. पालकांना तास नकोच असेल तर जानेवारीपासून तो बंद होईल, आणि टीचर गेल्यावर त्या जागी कुणाला घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे प्रेमला टीचरबरोबर तो विषयच शाळेतून जाणार होता.

एवढं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण बीचं कारण कळल्याशिवाय मला जेवण गोड लागेना. एका दुपारी मी शाळेत गेले. व्हरांड्यात ती सात मुलं एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होती. टीचरनी त्यांना पाणी प्यायला सोडलं आणि मला चटईवरच बसवलं.

"टीचर, एवढंच विचारायचं होतं. वैष्णवीला बी का?"

"बी वाईट न्हाई हो. घाबरलाव का काय?"

"नाही, पण कशावरून दिलात? परीक्षा तर घेत नाही तुम्ही."

"मी कुठं देते?" त्या हसल्या. "संगप्पाला विचारा."

"कोण संगप्पा?"

त्यांचं हसू थांबलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "चार वर्षं तुमच्या लेकीला रोज शाळेत घेऊन येतो तो."

माझ्या फोनमध्ये त्याचं नाव 'रिक्षा अंकल' असं आहे.

त्यांनीच मग मुलांपैकी एकीला चहा सांगायला पाठवलं आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांचे वडील पेत्रस मास्तर साठ वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातून इकडं आले, ते धर्मशिक्षक म्हणून. तेव्हा उदगिरात ना शाळा होती ना सिस्टर. फादर दोन महिन्यांतून एकदा यायचे. मधल्या दिवसांत सगळं मास्तरांवर. सायकलच्या दांडीला पत्र्याची नळी बांधलेली, नळीत गुंडाळलेली रंगीत चित्रं. आज चाकूरच्या बाजूचं एक गाव, उद्या शिरूर अनंतपाळकडचं दुसरं. संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर चित्र टांगायचं, गोष्ट सांगायची, मोठ्यांना सही करायला शिकवायची आणि मुलांकडून धर्माच्या चाळीस प्रश्नांची उत्तरं पाठ करून घ्यायची.

"पहिल्या सिस्टर आल्या ना, तिघी केरळच्या, त्यांना मराठीचा म न्हवता येत," टीचर म्हणाल्या. "आमच्या बापानं शिकवलं. म्हणून जुन्या सिस्टर 'लई' अन् 'हाव' बोलतेत. बाहेरचे लोक हसतेत त्यांना. मास्तरचं मराठी हाय ते."

सिस्टरनी दवाखाना काढला, मग शाळा काढली. सुरुवातीला धर्मशिक्षण त्याच घ्यायच्या आणि मास्तर गावं सांभाळायचे. पुढं शाळा वाढली, इतर धर्मांची मुलं शेकड्यांनी आली, त्यांच्यासाठी मॉरल सायन्स सुरू झालं. केरळातून नव्या मुली येणं कमी झालं, आणि डी.एड. करून घरी बसलेल्या मास्तरांच्या लेकीला सिस्टरनी बोलावून घेतलं.

"पण ग्रेडचं काय?" मी विचारलं.

"सांगते की. मला नऊवं लागलं तेव्हा पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधी पहिल्यांदा प्रसाद घेणं, व्हायचं होतं माझं. चाळीसच्या चाळीस प्रश्न घडाघडा येत होते मला. पांढरा फ्रॉक शिवून तयार. अन् फादरनी यादी मागितली तर बापानं माझंच नाव न्हाई दिलं."

"का?"

"बापाची एक रीत होती. पोराला पाठ येतंय का ते पोराला विचारायचं. पोरगं कसं हाय ते हापशावर विचारायचं. पाणी भरायला आलेल्या बाया होत्या, सगळ्या जातीच्या, त्यांना. त्या म्हणाल्या, मास्तर, तुमची प्रेमला रांगेत मधी घुसती. मास्तरची पोरगी म्हणून आम्ही बोलत न्हाई." टीचर इतक्या मोठ्यानं हसल्या की नळापाशी गेलेली मुलं वळून बघायला लागली. "झालं! एक वर्ष थांबवलं मला. पुढच्या साली फ्रॉक आखूड झाला, आईनं खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडली. फोटोत दिसती अजून ती पट्टी."

तेव्हापासून त्यांचं हापसा शोधणं सुरू आहे. शाळेत हापसा नाही, पण संगप्पा आहे, संडास-बाथरूम धुणाऱ्या मल्लम्मा मावशी आहेत, गेटवर बोरं आणि चिंचा विकणाऱ्या सरजाबाई आहेत. वर्षातून दोनदा टीचर त्यांच्याजवळ जाऊन बसतात आणि एकेका मुलाचं नाव घेतात. कुणी बघत नसताना पोर कसं वागतं ते ज्यांना दिसतं, त्यांना विचारतात.

मी तिथून निघाले ती थेट रिक्षा स्टँडवर. संगप्पा काच पुसत होता. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावचा माणूस, त्याच्या मराठीत कानडी मिसळलेलं.

"या अक्का. फी तर पोचली की मला."

"फीचं नाही. वैष्णवीबद्दल विचारायचं होतं. टीचरना तुम्ही काय सांगितलंत?"

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "पोरगी बंगारा हाय अक्का. सोनं. शिवी न्हाई, भांडण न्हाई."

"मग बी का?"

"आवाजच न्हाई ना तिचा. रिक्षात बसली की कार्डं काढती, पार शाळा येईपर्यंत मान वर न्हाई. पहिलीतली ती बारकी हाय बघा, बुद्धप्रिया. नवीन होती, रोज रडायची. बाकीच्या पोरी तिला गाणी म्हणून दाखवायच्या. एकदा तिची पाण्याची बाटली खाली पडली, चाकाखाली गेली. लई रडली. ही शेजारीच. म्हणाली, रडू नको गं, डिस्टर्ब होतंय, संध्याकाळी आई विचारणार हाय."

ती कार्डं मी केली होती. गणिताची सूत्रं एका बाजूला, विज्ञानाच्या व्याख्या दुसऱ्या बाजूला, लॅमिनेशन करून, कोपऱ्याला भोक पाडून कडीत ओवलेली. रिक्षातली वीस मिनिटं जाताना, वीस येताना. वाया घालवायची नाहीत, कुणाशी बोलत बसायचं नाही, असं मीच बजावलं होतं. आणि हो, संध्याकाळी मी विचारायची.

"टीचर म्हणाल्या, मग सी देऊ का," संगप्पा सांगत होता. "मी म्हणालो नको. पोरीची चूक अर्धीच हाय."

"आणि उरलेली अर्धी?"

संगप्पानं पुन्हा फडकं हातात घेतलं आणि आधीच लख्ख असलेली काच पुसायला लागला. "मी काय शाळेत शिकवतो का अक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैष्णवीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून कार्डं काढून घेतली. "रिक्षात नको नेऊस आजपासून."

ती बूट घालता घालता थांबली. "मग कधी करू?"

"नको करूस. गप्पा मार."

"कुणाशी?"

"जी शेजारी असेल तिच्याशी."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आई, तुला बरं नाहीये का?"

बरं नव्हतंच. अर्जाखाली माझी सही होती, आणि तिच्याखालच्या चाळीस जणांनी माझ्या भाषेवर विश्वास ठेवून सही केली होती. पंचाक्षरींना फोन करून सांगावं असं रोज ठरवायची आणि रोज फोन खाली ठेवायची. रेणुकादास म्हणाले, "इतिहासात अशा लोकांना फितूर म्हणतात. पण घाबरू नकोस, उदगिरात किल्ला आहे. लपायला जागा भरपूर."

सभेच्या दिवशी हॉल भरला. सिस्टर रोझलिट पुढं टेबलापाशी. प्रेमला टीचर शेवटच्या रांगेत, पाय जमिनीला पुरत नाहीत म्हणून स्पोर्ट्स शूज हलवत, लग्नाला आल्यासारख्या आनंदात. पंचाक्षरी उठले. "अर्ज राजश्री वहिनींनीच लिहिलाय. त्यांनीच वाचावा."

मी उभी राहिले. पहिला परिच्छेद वाचला. चांगला होता, एक-दोघांनी मानाही डोलावल्या. मग ते वाक्य आलं. 'या तासाचा विद्यार्थ्यांच्या भवितव्याला कोणताही उपयोग होत नाही.' मी ते वाचलं आणि कागद खाली घेतला.

"हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला माहिती काहीच नव्हती. माझ्या मुलीला बी मिळाला होता, त्याचा राग होता."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मी सगळं सांगितलं. कार्डं, कडी, बाटली, रिक्षा अंकल. हापशाचं सांगितलं तेव्हा मागून टीचरच हसल्या आणि मग सगळेच. "माझी सही मी मागं घेते," मी म्हणाले. "तुमच्या सह्या तुमच्या. पण वाक्य माझं होतं, ते खोटं निघालं, एवढं सांगणं माझं काम."

पंचाक्षरी हजरजबाबी माणूस. "वहिनी, मनाला लागलं बघा. पण नीटच्या परीक्षेत संगप्पाचे मार्क धरतात का?"

हशा झाला. तेवढ्यात शिक्षकांच्या रांगेतून धम्मप्रिया मॅडम उठल्या. गणित-विज्ञान त्याच शिकवतात, फाउंडेशन सुरू झालं तर ते त्यांच्याकडेच जाणार होतं.

"मी याच शाळेची विद्यार्थिनी," त्या म्हणाल्या. "सहावीत पहिला नंबर आणि मॉरल सायन्सला सी. मल्लम्मा मावशींनी सांगितलं होतं की मी नळ चालू ठेवून पळते. आमच्या घरी रडारड झाली. पप्पा म्हणाले, नळ बंद कर, विषय संपला. मी वर्षभर शेवटची थांबून सगळे नळ बंद करून घरी जायचे. एमएस्सीला कितवी आले ते आज आठवावं लागतं, तो सी नाही विसरले. फाउंडेशन मी घेते, पण शाळा भरायच्या आधी, नऊ वाजता. टीचरचा तास मला नको."

"नऊला पोचायचं तर मुलं लवकर उठायला नकोत?" कुणीतरी म्हणालं.

"नीटची आई-बापांना घाई हाय ना? मग उठवा की," सिस्टर रोझलिट म्हणाल्या, अगदी मास्तरच्या मराठीत, आणि हॉल पुन्हा हसला.

पंचाक्षरी अजून उभेच होते. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "टीचर, आमच्या आलोकला काय आहे? मी ती ओळ कधी बघितलीच नाही."

"ए हाय," टीचर जागेवरूनच म्हणाल्या. "सरजाबाईनी दिलाय. म्हणाल्या, दुसरी पोरं पैसे टोपलीत फेकतेत. ह्यो हातात देतो, अन् आजी म्हणतो."

पंचाक्षरींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "तास राहू द्या," ते म्हणाले आणि खाली बसले. मग लगेच अर्धवट उठून, "पण नऊचं नक्की ना मॅडम?"

अर्ज सिस्टरनी मला परत दिला. पण एक प्रश्न राहिलाच होता आणि तो त्यांनीच काढला. मे महिन्यानंतर तास घेणार कोण? सिस्टर आता चौघीच उरल्यात, त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या.

"ही घेईल," टीचरनी धम्मप्रिया मॅडमकडे बोट दाखवलं.

मॅडम गोंधळल्या. "टीचर, मी बौद्ध आहे."

"मग काय झालं? हापशावरच्या बाया कुठं सगळ्या आपल्या चर्चच्या होत्या?"

सिस्टर रोझलिट म्हणाल्या, "कॅटेकिझम, ते धर्मशिक्षण, मी घेते. सात पोरं हायत, चटई हाय, जमेल मला. मॉरल सायन्स तुम्ही घ्या. पण विचारायचं ते संगप्पालाच."

एप्रिलमध्ये शेवटचं प्रगतिपुस्तक आलं. प्रेमला टीचरच्या हातचं शेवटचं. मी ते गेटवर उघडलं नाही, घरी नेऊन सगळ्यांसमोर उघडलं. गणितात ए वनचा ए टू झाला होता आणि ती ओळ मी दोनदा वाचली हे नाकारत नाही. खाली, चित्रकला आणि पी.टी.च्या मधे : बी.

"पुन्हा?" वैष्णवी ओरडली. "आता तर मी बुद्धप्रियाचं दप्तरपण धरते!"

मी फोन लावला. आता त्यावर संगप्पा असं नाव आहे.

"हां अक्का, मीच सांगितला बी. आता लई बोलती हो पोरगी. त्या बारकीला मांडीवर घेती अन् सगळ्या रिक्षाला गाणी म्हणायला लावती. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत न्हाई मला."

मी स्पीकर चालू ठेवला होता. रेणुकादासांनी चष्मा कपाळावर सारला. "मग? मॉरल सायन्सचा क्लास लावायचा का?"

"लावलेलाच आहे," मी म्हणाले. "रोज सकाळी आमच्या गेटवर येऊन हॉर्न वाजवतो."